टाकीचं पांघरूण

"आधी पाण्याला विचारा," असं बंबदादा म्हणायचा. कशालाही म्हणायचा. आज चादरी लवकर वाळतील का, असं कोणी विचारलं तरी आधी पाण्याला विचारा. नवी पावडर बरी की जुनी, आधी पाण्याला विचारा. धाकट्या बहिणीला स्थळ आलं, मुलगा पोस्टात, घर स्वतःचं, माणसं बोलायला गोड, सगळं जुळत आलेलं. तेव्हाही मुलाच्या चुलत्यांसमोर हा हेच म्हणाला. चुलते एकमेकांची तोंडं बघायला लागले. दादा उठला, त्यांच्या मागच्या नळाखाली ओंजळ धरली, घोटभर पाणी तोंडात घोळवलं आणि म्हणाला, "जड आहे. पण रुळेल ती." धाकटीचं लग्न असं नळावर ठरलं. पुढे कितीतरी वर्षं ती नवऱ्याला ऐकवायची, की तुला नाही रे, तुझ्या नळाला पसंत केलंय.

दादाचं खरं नाव धुलाईघरात कोणी घेत नसे. शहरातल्या दवाखान्यांचे कपडे तिथे धुवायला येत. चादरी, अभ्रे, शस्त्रक्रियेचे हिरवे झगे, रोग्यांची जाड पांघरुणं. त्या सगळ्याला लागणारी वाफ एक जुना बॉयलर करी, बसलेल्या हत्तीएवढा, काळा, पोटात सदा धगधगणारा. दादा त्याला बंब म्हणायचा, म्हणून लोक दादाला बंबदादा म्हणायला लागले. डोक्यावरचे केस काळे होते तेव्हापासून तो त्या बंबाला कोळसा घालत आला होता. धाकटी तिथेच इस्त्रीच्या दालनात कामाला होती. सासरी ती सर्वांत थोरली सून, पण धुलाईघरात मुकादमबाईंपासून पहारेकऱ्यापर्यंत सगळे तिला धाकटीच म्हणत, कारण दादा म्हणायचा.

बंबाच्या मागे एक अरुंद खोली होती. पूर्वी तिथे हत्यारं ठेवत. एक भिंत बंबघराशी सामाईक, त्यामुळे खोली बाराही महिने उबदार. त्या भिंतीला लागून दादाने काचेची टाकी ठेवली होती, आणि त्या टाकीत त्याचा जीव होता.

हे वेड लागलं एका दुखऱ्या दाढेमुळे. दाढ काढायला गेला, डॉक्टरकडे गर्दी होती, म्हणून वेळ काढायला शेजारच्या माशांच्या दुकानात शिरला. तिथे एका टाकीत त्याला ताटलीसारखे गोल, चपटे मासे दिसले. अंगावर निळ्या नागमोडी रेघा, डोळे लालभडक, आणि चाल अशी, की कुठे जायचंच नाही. दुकानदार म्हणाला, हे डिस्कस. हे नेऊ नका, घरी जगत नाहीत. यांना पाणी तीस अंशांच्या आसपास लागतं, थंडीतही आणि रात्रीही. दादा हसला. ऊब ही एकच वस्तू त्याच्याकडे हवी तेवढी होती. दाढ तशीच तोंडात ठेवून तो सहा पिल्लं घेऊन परतला. मुकादमबाईंनी पिशवीत डोकावून विचारलं, "दाढेच्या जागी हे बसवणार का?"

त्या दिवसापासून तो दुकानदाराकडे जाऊन बसू लागला आणि जे जे कानावर पडेल ते धाकटीला येऊन सांगू लागला. इस्त्री फिरवता फिरवता तिने ते सगळं ऐकलं. हे मासे मूळचे ॲमेझॉन नदीचे. पूर आला की ती नदी रानात शिरते, आणि बुडालेल्या झाडांच्या मुळ्यांत हे कळपाने उभे राहतात. पानं कुजून पाणी चहासारखं तांबूस झालेलं असतं, मऊ आणि संथ. म्हणून दादा नळाचं पाणी आधी पिंपात मुरवत ठेवायचा, त्यात बदामाची वाळकी पानं टाकायचा, आणि रोज थोडं जुनं काढून थोडं नवं घालायचा. हे सगळे सिक्लिड कुळातले, असंही त्याने सांगितलं. या कुळातली जात न् जात पोरं सांभाळणारी. इतर बरेचसे मासे अंडी टाकून चालते होतात, हे राखण करतात. पण ताटल्यांची गोष्ट त्याहून वेगळी. यांची पोरं पोहायला लागली की थेट आईबापांच्या अंगाला लागतात. आईबापांच्या कातडीतून एक चिकट साय सुटते, आणि पोरं तीच खातात.

"म्हणजे अंगावर पिणारे," धाकटी म्हणाली.

"बापाच्याही," दादा म्हणाला. "एक दमला की अंग झटकतो, पोरं दुसऱ्याकडे. पाळी ठरलेली."

"मग तुझ्या दाजींना आण एकदा हे दाखवायला."

इस्त्रीच्या दालनात हशा झाला. बंबदादाने लग्न केलं नव्हतं. आई गेली तेव्हा धाकटी लहान होती. तिला वाढवण्यात ते वय निघून गेलं, आणि पुढे कोणी विषय काढलाच तर तो पिंपाकडे बोट दाखवून पाण्याला विचारायला सांगायचा.

सहांतली एक जोडी आपोआप जुळली. जोडी लावून जुळत नाही, कळपात वाढवावी लागते, मग दोघं आपली आपण बाजूला होतात आणि बाकीच्यांना कोपऱ्यात ढकलतात. बाकीचे चार दादाने दुकानदाराला परत नेऊन दिले आणि जोडीसाठी टाकीत उभं मातीचं नळकांडं ठेवलं. मादीने त्यावर अंडी घातली, बारीक, मधाच्या रंगाची. दोघं आळीपाळीने परांनी वारा घालत राहिली. आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून सगळी अंडी खाऊन टाकली.

असं पुढे कितीदा झालं ते धाकटीनेही मोजायचं सोडून दिलं. कधी अंडी पांढरी पडून बुरशी धरायची. कधी फुटायची, शेपट्या वळवळताना दिसायच्या, आणि कोणीतरी दार आपटलं की आईबाप घाबरून पोरं गिळायचे. बायका रोज विचारायच्या, "बंबदादा, आज ताटल्यांत काय वाढलंय?" आणि तो म्हणायचा, "रिकाम्याच." दुकानदाराचा सल्ला असा, की अंडी काढून घ्या, वेगळ्या भांड्यात औषध घालून वाढवा, सगळे तसंच करतात. दादाने ऐकलं नाही. तो म्हणाला, मला पोरं नकोत, पोरं यांच्या अंगाला लागलेली बघायचीत.

एवढंच त्याला हवं होतं. एकदा बघायचं. पण मादीचं वय होत आलं होतं, अंडी कमी कमी पडत होती, आणि दादाचंही वय होत आलं होतं. थंडी सरली की तो कामावरून मोकळा होणार होता. मोकळा झाला की खोली गेली, खोली गेली की ती भिंत गेली. त्याच्या घराच्या खोलीला ऊब नव्हती, उन्हाचा कवडसासुद्धा तिरका यायचा. धाकटीला हे ठाऊक होतं. त्याने कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून जास्तच ठाऊक होतं.

आणि त्या थंडीत ते झालं.

सकाळी दादा इस्त्रीच्या दालनाच्या दारात येऊन उभा राहिला. नुसती मान हलवली. धाकटीने इस्त्री उभी केली आणि त्याच्या मागे गेली. खोलीत एकच मिणमिणता दिवा. मादी पाण्यात स्थिर उभी होती, अंगाचा रंग गडद झालेला, आणि तिच्या दोन्ही कुशींना जणू कोणी चिमटीने तीळ चिकटवले होते. तीळ हलत होते. तेवढ्यात तिने अंगाला एक झटका दिला. सगळे तीळ क्षणभर पाण्यात उधळले, घोटाळले, आणि मग एका ओळीने शेजारी उभ्या असलेल्या नराच्या अंगावर जाऊन बसले. मादी बाजूला झाली आणि पहिल्यांदाच काही खायला म्हणून तळाशी गेली.

धाकटीने दादाकडे बघितलं. तो टाकीकडे बघत नव्हता. तो भिंतीला पाठ लावून डोळे मिटून उभा होता.

मग बायका एकेक करून बघून गेल्या. खोलीचा नियम त्यांना पाठ होता. दार हळू, आवाज नाही, आणि पाण्यात हात तर अजिबात नाही. धुलाईघरातला हात म्हणजे साबणाचा हात, आणि साबणाने माशाच्या अंगावरची साय सुटते. मुकादमबाई पदर तोंडाशी धरून बराच वेळ उभ्या होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "आमच्या ह्यांना कोणी झटका देऊन पोरं सोपवली असती तर बरं झालं असतं." त्या दिवशी दालनात कोणी ताटल्यांची थट्टा केली नाही.

दोन-तीन दिवस गेले असतील. बॉयलरचा तपासनीस आला. वर्षाला एकदा येई, ठोकून बघे, कान लावी, शिक्का मारून जाई. या वेळी त्याने कान लावला आणि लावलेलाच ठेवला. आतली एक नळी पाझरत होती. बंब विझवा, म्हणाला. नळी बदलल्याशिवाय पेटवायचा नाही.

दादाने त्याला विनवलं. नळी बारीक पाझरतेय, आठवडाभर मंद चालवतो, मग विझवतो. तपासनीस वाईट माणूस नव्हता. त्यालाही दादाने एकदा टाकी दाखवली होती. पण फुटलेल्या बॉयलरखाली काय सापडतं हे त्याने बघितलेलं होतं. तो म्हणाला, "मी नाही म्हणालो तर तुम्ही माझ्यावर रागवाल. हो म्हणालो तर रागवायला कोणी उरणार नाही." दादाला हे पटलं. पटलं हीच अडचण होती. त्याने स्वतःच्या हाताने निखारे बाहेर ओढून आग विझवली.

नळीचा बाक विचित्र होता. तसला बाक काढून देणारा कारखाना दुसऱ्या गावी, आणि बाक ओळखणारा माणूस एकच, तो म्हणजे दादा. मॅनेजरने सांगितलं, तुम्हालाच गाडीबरोबर जावं लागेल, दवाखान्यांत चादरी संपत आल्यात. दादाने दुकानदाराला विचारून टाकीतलं पाणी तापवायची एखादी विजेची कांडी मिळते का बघायचं ठरवलं, पण त्या दिवशी दुकान बंद होतं. दुपारी गाडी फाटकाशी आली. सुरू इंजिन, दालनातल्या मोठ्या पंख्यांची घरघर. दादाने गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून धाकटीला ओरडून सांगितलं, "टाकीला पांघरूण घाल. चांगलं जाड घाल. वरून थोडं मोकळं ठेव."

धाकटीने मान हलवली. गाडी गेली.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. बंबघरात वाफेच्या नळांभोवती ऊब धरून ठेवायला गोणपाटाच्या जाड पट्ट्या गुंडाळतात. त्या पट्ट्यांना बंबघरातली माणसं पांघरूण म्हणत. नळाचं पांघरूण सैल झालंय, पांघरूण बदला, असं त्यांचं बोलणं चाले. दादाने जन्मभर तो शब्द त्याच वस्तूसाठी वापरला होता, आणि तसल्या पट्ट्यांची एक गुंडाळी टाकीच्या मागेच ठेवलेली होती. पण इस्त्रीच्या दालनात पांघरूण म्हणजे दवाखान्याचं पांघरूण. लोकरीचं, जाड, धुवून घडी घातलेलं. तिथल्या कोणत्याही बाईला तुम्ही विचारा, ती दुसरं काही सांगणार नाही.

धाकटीने कपाटातली सर्वांत चांगली पांघरुणं निवडली. त्याच सकाळी धुतलेली, मऊ, वासाची. दवाखान्याच्या पांघरुणांना शेवटच्या पाण्यात जंतू मारायचं औषध घालतात आणि ते मुद्दाम खळबळून काढत नाहीत, अंगात राहू देतात. हे तिलाही माहीत होतं. म्हणून तर ती सर्वांत स्वच्छ. आपल्या दादाच्या पोरांना धुळीचं काही लागू नये, असं तिच्या मनात होतं. तिने साबण न लावता हात दोनदा धुतले. टाकीच्या मागची गोणपाटाची मळकी गुंडाळी उचलून तिने कोपऱ्यात ठेवली, जागा केली, चारी बाजूंनी पांघरुणं लपेटली. वर थोडं मोकळं ठेवलं. एक काठ सारखा घसरत होता, तो तिने काचेच्या झाकणाखाली खोचला. मादी कुशीला पोरं घेऊन उभी होती. भिंतीला हात लावला तेव्हा भिंत अजून कोमट होती.

खोचलेला काठ पाण्यापर्यंत पोचला होता. पाणी त्यातून चढत राहिलं, आणि उतरत राहिलं.

सकाळी दादा नळी घेऊन आला आणि नळी गाडीतच ठेवून खोलीकडे गेला. धाकटी धावत मागे गेली. तिला सांगायचं होतं, की बघ, कशी ऊब धरलीय. दारातच दादा थबकला. त्याला औषधाचा वास आला.

"हे कुठलं आणलंस?"

"तूच म्हणालास ना, पांघरूण."

दादाने कोपऱ्यातल्या गुंडाळीकडे बघितलं. मग पांघरुणांकडे. धाकटीने त्याची नजर तिकडून इकडे जाताना बघितली, आणि तो काही बोलायच्या आत तिला सगळं समजलं.

"मी नळाचं म्हणालो होतो," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "माझंच चुकलं गं. दोघांचा शब्द एकच."

दोघं म्हणजे कोण, हे तिला नंतर कळलं. बंब आणि इस्त्री.

त्याने पांघरुणं ओढून काढली. मादीच्या अंगावरची साय ओल्या कागदासारखी सुटून लोंबत होती. पोरं तीही खात होती. खात होती आणि एकेक करून सुटून खाली जात होती, धूळ बसावी तशी. मादीने अंग झटकलं. जी थोडी उधळली ती नरापर्यंत पोचली नाहीत.

पाणी बदलायला हवं होतं, ताबडतोब आणि सगळं. पिंप भरलेलं होतं, पण पिंपातलं पाणी बर्फासारखं. बंब थंड, नळ थंड. हे कळलं तशा इस्त्रीच्या दालनातल्या बायका उठल्या. कोणी चहाचा स्टोव्ह पेटवला, कोणी डब्यातलं जेवण कागदावर काढून डबे मोकळे केले, दोन-तीनदा घासून फक्त पाण्याने खळबळले आणि पिंपातलं पाणी थोडं थोडं कोमट करून रांगेने खोलीत पोचवू लागल्या. मुकादमबाईंनी स्वतः स्टोव्ह सांभाळला. पहिल्यांदाच त्या दालनात एकही इस्त्री चालत नव्हती. दादा जुनं पाणी काढत होता, डबा ओतत होता, बोटाने ऊब बघत होता. अर्ध्यातच मॅनेजरचा माणूस आला, की नळी बसवायला मिस्त्री थांबलाय, तुमच्याशिवाय बाक बसत नाही. दादा गेला. आला. पुन्हा बोलावणं आलं, पुन्हा गेला. कोणाला कोणाशी भांडता येईना. दवाखान्यांत माणसं चादरीविना पडली होती, हेही खरंच होतं.

तो गेलेला असताना धाकटी टाकीपाशी बसली होती. तिने बघितलं ते तिच्या नजरेसमोरून कधी गेलं नाही. पोरं संपली होती. मादी तळाशी आडवी होती, कल्ले अजून हलत होते. आणि नर, ज्याला पांघरुणाच्या खोचलेल्या काठापासून लांबचा कोपरा मिळाल्यामुळे कमी झळ लागली होती, तो जागचा हलला, मादीजवळ गेला आणि तिच्यासमोर कूस करून उभा राहिला. पाळी घ्यायला. तसाच थांबला. मग सरकून दुसरी कूस केली.

संध्याकाळी बंब पेटला. भिंत तापली. खोली पूर्वीसारखी उबदार झाली, आणि मुकादमबाईंनी दादाला चहा नेऊन दिला तेव्हा तो मोकळ्या डब्यांची झाकणं जुळवत बसला होता, कोणाचं कोणतं ते.

धाकटीला वाटत होतं, की त्याने रागवावं. ती त्याच्या आसपास घोटाळत राहायची, काहीतरी चुकीचं मुद्दाम करायची, डबा आदळायची. एकदा तिने सरळच म्हटलं, "दादा, बोल की मला काहीतरी." तो म्हणाला, "बोलतोय की. जेवलीस का?" तिला त्यानंतर विचारवेना. घरी जाऊन ती नवऱ्यावर ओरडली, नवऱ्याने ऐकून घेतलं, कारण त्याला कळत होतं की ते ओरडणं त्याच्यासाठी नाही.

मादी वाचली नाही. नर जगला, पण काळा पडला. कोपऱ्यात तोंड करून उभा राही. दादाने बारीक चिरलेलं काळीज, गांडुळं, सगळं देऊन बघितलं. त्याने तोंड लावलं नाही. दुकानदार म्हणाला, ही कळपातली जात आहे, एकटा झुरतो, माझ्याकडे आणून सोडा, इथे याच्यासारखे पाचसहा आहेत. दादाने आणखी दोन दिवस गांडुळं टाकून बघितली. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी त्याने बादली घेतली.

धाकटी म्हणाली, मी येते. दोघांनी धरली तर हिंदकळणार नाही.

"नको," तो म्हणाला. "तुझी इस्त्री तापलीय."

तो निघाला. बंबघराच्या दारापासून फाटकापर्यंतचं ते आवार त्याने इतक्या सावकाश कधी ओलांडलं नसेल. एक हात बादलीच्या कडीत, दुसरा झाकणावर सपाट ठेवलेला, पाणी डुचमळू नये म्हणून गुडघे थोडे वाकवलेले. कोळशाच्या ढिगापाशी थांबला, हात बदलला. पहारेकऱ्याने फाटक आधीच उघडून धरलं होतं. दालनाच्या लांब खिडकीशी बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या, कोणी कोणाला न बोलावता. धाकटी सर्वांत पुढे होती, गजांना धरून. तिच्या मागे टेबलावरून करपल्याचा वास आला. मुकादमबाई हळूच मागे गेल्या, धाकटीची इस्त्री उचलून उभी केली आणि पुन्हा येऊन तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. दादा फाटकाबाहेर गेला, भिंतीच्या कडेने वळला. भिंतीवरून थोडा वेळ त्याचं डोकं दिसत होतं.